आता तुम्ही सांभाळा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय, कारण आज लिहिण्यासारखं घडलं. मी क्वायरचा, म्हणजे आमच्या चर्चच्या गायकवृंदाचा, प्रमुख झालो!

झालं असं. शालनकाकू नाताळ झाला की मिरजेला चालल्या, कायमच्या. गुडघे जिना चढू देत नाहीत आणि तिकडे बहीण एकटी आहे. बंगळुरातल्या आमच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीचं सगळं गाणं काकूंच्या हार्मोनियमवर उभं आहे. तरुणपणी नर्स म्हणून त्या इथे आल्या, इथेच लग्न झालं, इथेच रिटायर झाल्या. लालबागच्या पलीकडच्या कन्नड चर्चने आम्हाला रविवारी दुपारी चारची वेळ दिली, तेव्हापासून काकू नाहीत असा रविवार कुणाला आठवत नाही.

उपासना संपल्यावर मी आणि नीलिमा चहाचे कप गोळा करत होतो. नीलिमा म्हणजे आमची अल्टो, बायकांमधला खालचा आवाज, मूळची नागपूरची, इथे एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. काकू आल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "नाताळची गाणी आता तुम्ही सांभाळा. मी नुसती वाजवीन."

तुम्ही! ज्या काकू तीन वर्षं मला "अरे ए नगरकर" अशी हाक मारतात, त्यांनी मला अहो-जाहो केलं. पदाचा मान असतो शेवटी. मी हातातले कप सावरत राहिलो. "बरं काकू, सांभाळू," असं नीलिमाच म्हणून मोकळी झाली. तिलाही माझ्यासाठी आनंद झालेला दिसला.

नगरला आमच्या चर्चमध्ये दादा पेटी वाजवायचा आणि मी शेजारी उभा राहून गाण्यांच्या पुस्तकाची पानं उलटायचो. लहानपणभर मी पानंच उलटली. म्हणून घरी आल्या आल्या आईला फोन केला. आई म्हणाली, "छान झालं. आणि पेपर कधी आहे?"

आईला एकच विषय. पेपर म्हणजे सांख्यिकी. ऑफिसात मी टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. आपणही काहीतरी बनवावं असं वाटायला लागलं, म्हणून डेटा सायन्सचा दूरशिक्षणाचा कोर्स घेतला. बाकी सगळे विषय सुटले, हा एक दोनदा अडकला. ही शेवटची संधी. यानंतर नोंदणी संपते आणि सगळं पहिल्यापासून. पण तारीख अजून आलेली नाही, आणि जे आलेलंच नाही त्याची काळजी कशाला करायची?

४ नोव्हेंबर, मंगळवार

कँटीनमध्ये बसून वेळापत्रक बनवलं. सकाळी पोहणं, दिवसा ऑफिस, संध्याकाळी सांख्यिकी, जेवणानंतर गाण्याची बांधणी, शनिवार पूर्ण अभ्यास, रविवार क्वायर. झोप कुठे बसते ते पाहिलं. बसते.

पोहणं हा माझा छंद. म्हणजे अजून छंद झालेला नाही, शिकतोय. आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या सोसायटीत एकोणतिसाव्या वर्षी पोहायला शिकणारा मी एकटा, बाकीची सगळी पहिली-दुसरीतली. कोच सिद्धी काठावरून ओरडते, "सर, दांडी सोडा! पाणी तुम्हाला धरतं, तुम्ही पाण्याला धरू नका." बोलायला काय जातंय. आज एका हाताने सोडली.

९ नोव्हेंबर, रविवार

माझ्या हाताखाली पहिली तालीम!

काकूंचे यजमान, जे आता नाहीत, त्यांनी फार वर्षांपूर्वी इथे एक नाताळगीत लिहिलं होतं. मेंढपाळ थंडीत शेकोटीपाशी बसलेत आणि बातमी येते, एवढंच. "विझू द्या शेकोटी, चला रे बघू," हे त्याचं ध्रुवपद. साधी चाल, केरवा ताल. दर नाताळला होतं. काकूंचा इथला हा शेवटचा नाताळ, तेव्हा हे गीत असं झालं पाहिजे की मिरजेपर्यंत ऐकू यावं. मी चार आवाजांत बांधलंय. मधे ताल बदलतो, तिसऱ्या कडव्याला पट्टी चढते, आणि शेवटी एक मोठा थांबा.

क्वायरमध्ये आम्ही जेमतेम दहा-अकरा जण. खर्जात तर एकच माणूस आणि त्याला सर्दी. पण सुरुवात झाली.

कृष्णातने तबला थांबवून म्हटलं, "सर, माझ्या केरव्याला जरा चालू दे की. तुम्ही मधीच ब्रेक मारताय." कृष्णात निपाणीचा, चिकपेटेत साड्यांच्या होलसेल दुकानात कामाला असतो. तो ख्रिस्ती नाही. एकदा काकूंच्या शेजाऱ्यांकडे भजनाला वाजवत होता, काकूंनी ऐकलं आणि त्याला रविवारी चारला बोलावलं. तेव्हापासून येतो. मी त्याला समजावलं की ब्रेकमध्येच गंमत आहे. "हो की," म्हणाला, पण पटलेलं दिसलं नाही.

नीलिमाची एक सवय मला खटकते. मी समजावत असतो आणि ही रांगेतून फिरत लोकांचे खांदे सरळ करत असते. वरच्या आवाजाच्या सोप्रानोंपैकी दोघींना तिने खुर्चीवरून उठवलं. एकीची हनुवटी बोटाने खाली केली. दवाखाना समजते की काय. नंतर त्या सोप्रानोंनी वरचा स्वर एकदम स्वच्छ लावला, माझं समजावणं कामी आलं.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे रे. पण गाणं कुठे आहे यात?"

काकूंना नवीन बांधणीची सवय नाही. होईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हयवदन सरांनी बोलावलं. ते माझे मॅनेजर, इथलेच, बसवनगुडीचे. आवाज कधी चढत नाही आणि काम कधी संपत नाही. म्हणाले, "डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला रिलीज तू बघशील ना, रोशन? शनिवार-रविवार जरा लागेल. तुझ्याशिवाय कोण?"

"तुझ्याशिवाय कोण" हे शब्द कानावर पडले की मी हो म्हणतो, हे माझ्या लक्षात आलंय. हो म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

उशीर झाला. सांख्यिकीची उदाहरणं सोडवता सोडवता टेबलावरच डोळा लागला. लालबागला उतरून धावत पोचलो तर हॉलमधून गाणं ऐकू येत होतं. नीलिमा पेन्सिल हातात धरून समोर उभी आणि सगळे जुन्या पद्धतीने, साधं, सरळ गात होते. कृष्णात तर मान डोलावत होता. मी आत आलो तसे थांबले.

असं मोकळं गायला लागले की शिस्त बिघडते. आवाज चांगला येत होता हे मात्र खरं. हॉलमध्ये आज खुर्च्या कमी होत्या, त्यामुळे घुमत असेल.

तालमीनंतर नीलिमा म्हणाली, "रोशन, थोडं बोलायचं होतं. आपण दोघं एकदा बसून सगळं ठरवू ना."

मी म्हणालो, "तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस. माझं सगळं ठरलंय."

तिने पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "हो, ते दिसूनच राहिलं."

चांगली मुलगी आहे. कौतुक करायला लाजते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोहायला गेलो नाही. अभ्यासही नाही. ऑफिसात एकच चूक दोन वेगवेगळ्या नावांनी नोंदवली आणि रणवीरने ती सगळ्यांसमोर दाखवली. रणवीर माझ्या टीममध्ये नवीन, नुकताच पुण्याहून आलाय. हसलो मी पण. काय करणार?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तारीख आली.

रविवार, एकवीस डिसेंबर, दुपारी दोन ते पाच. केंद्र सर्जापूर रोडवरचं एक कॉलेज. त्याच दिवशी चारला आमची नाताळची संगीत उपासना. आणि त्याच शनिवार-रविवारी रिलीज.

ऑफिसच्या जिन्यात बराच वेळ बसलो. सर्जापूर रोडहून लालबाग म्हणजे काय प्रकार आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. रविवार असला तरी पाचला निघालेला माणूस पोचेपर्यंत मंडळी घरी जाऊन जेवायला बसतील.

रिलीज मी रात्री उरकू शकतो. परीक्षा रात्री होत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवलं. पेपर सोडायचा.

लिहिताना हात थांबला, पण ठरवलं. कोर्स पुन्हा करता येईल. काकू पुन्हा इथे नाताळ करणार नाहीत. आणि मी नसलो तर क्वायर उभा राहणार नाही हे उघड आहे. ते थांबे, ती पट्टी, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर लोक अडवतील, आणि मग त्याला अर्थ राहत नाही.

आईने फोनवर तारीख विचारली. म्हणालो, अजून यायचीय. ती म्हणाली, "बरं. जेवतोस ना वेळेवर?" फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं.

६ डिसेंबर, शनिवार

क्वायरच्या उपरण्यांसाठी कापड घ्यायला चिकपेटला गेलो. मेट्रोतून वर आलं की माणसांच्या लोंढ्यात आपण चालत नाही, वाहतो. कृष्णातच्या दुकानात गादीवर बसलो. त्याने मरून रंगाचे तागे एकावर एक उलगडले, मालकाशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि समोरच्या मारवाडी गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलत.

"स्वल्प थांबा सर, ह्यो बघा. ह्यो धुतला तरी रंग सोडत न्हाई."

कॉफी आली. मन मोकळं करावंसं वाटलं. म्हणालो, "काय सांगू कृष्णात, या गाण्यासाठी मी परीक्षा सोडली." आणि सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर कुणीतरी "वा" म्हणावं असं वाटत होतं.

तो कापडाची घडी घालता घालता थांबला. "शेवटची परीक्षा?"

"शेवटची."

"काकूस्नी म्हाईत हाय?"

"नाही. आणि सांगायचंही नाही. कळलं?"

"सरी," तो म्हणाला.

सरी म्हणजे बरं. माणूस विश्वासाचा आहे.

७ डिसेंबर, रविवार

कृष्णातने सांगितलं.

तालीम संपल्यावर काकूंनी मला थांबायला सांगितलं, नीलिमालाही. बाकीचे गेले, कृष्णात तेवढा रेंगाळला. काकूंनी हार्मोनियमचा भाता बंद केला आणि विचारलं, "एकवीस तारखेला दोन वाजता तू कुठे असणार आहेस?"

मी कृष्णातकडे पाहिलं. तो तबल्याला खोळ घालत होता, फार लक्ष देऊन.

"इथे," मी म्हणालो.

"आणि परीक्षा?"

"काकू, ती पुन्हा देता येते."

"खोटं बोलू नकोस. कोणासाठी सोडतोयस?"

मला राग आला. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "तुमच्यासाठी! तुम्ही माझ्यावर क्वायर सोपवलात. मी नसलो तर कोण करणार आहे हे सगळं?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी? तुझ्यावर?"

"तुम्हीच म्हणालात. आता तुम्ही सांभाळा, असं."

"अरे, तुम्ही म्हणजे तुम्ही दोघं! कप घेऊन दोघं उभे होतात की माझ्यासमोर. तुला एकट्याला मी कधी अहो म्हणेन का रे? माझ्या धाकट्या दिरालासुद्धा म्हणत नाही."

कृष्णातला खोकला आला. तो बाहेर गेला.

मी नीलिमाकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"मला तेव्हाच कळलं होतं. मी तर तिथेच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला जागा कुठे ठेवली तू? एकदा बोलायला आले तर म्हणाला टेन्शन घेऊ नको. इतका खूश होता की मला वाटलं, राहू दे, थकेल तेव्हा विचारेल. तू थकूनच राहिला, पण विचारलं नाही."

काकूंनी जवळची खुर्ची ओढली. "बस." मी बसलो. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे सूर आहे, तिच्याकडे माणसं आहेत. म्हणून दोघांना सांगितलं. माझ्या नावावर तुझं वर्ष घालवू नकोस, बाबा. मी मिरजेला जाऊन ते ओझं कुठे ठेवू?"

उपरण्यांच्या कापडाची पिशवी तिथेच विसरून आलो.

८ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात कुणाशी बोललो नाही. सगळ्यांचा राग आला होता. कृष्णातचा, नीलिमाचा, काकूंचा, मराठी भाषेचाही. एकाच शब्दात दोन अर्थ ठेवायची काय गरज होती?

९ डिसेंबर, मंगळवार

तालमींचं रेकॉर्डिंग मी दर वेळी फोनवर करतो, पण ऐकत कधीच नाही. आज दुपारी जेवायला गेलो नाही, कानात लावून ऑफिसमागच्या तलावाच्या कडेच्या बाकावर बसलो.

पहिल्या तालमीत कुणाचंच गाणं ऐकू येत नाही. ऐकू येतो तो मी. "एक, दोन, इथे थांबा, नाही, इथे नाही, तीन, चार." गाणाऱ्यांच्या वरून, काकूंच्या वरून, तबल्याच्या वरून. थांबवतो, समजावतो, पुन्हा थांबवतो. माणूस गायला तोंड उघडतो आणि मी त्यावर बोलतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो मी.

मग सोळा तारखेचं. तेव्हा मी पोचलो नव्हतो, पण काकूंच्या फोनवरून कुणीतरी रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं होतं. मी ते उघडलंही नव्हतं. ऐकलं. खुर्च्या कमी असण्याचा काही संबंध नव्हता.

तिथूनच नीलिमाला फोन केला. "चुकलो," म्हणालो. "क्वायर तू घे. सगळा."

"सगळा कशाला? माझी शिफ्ट सुटली की येते, मेट्रो स्टेशनवर भेट," ती म्हणाली.

१० डिसेंबर, बुधवार

काल संध्याकाळी आर. व्ही. रोडच्या स्टेशनवर, गाडी बदलायच्या गर्दीत, एका खांबाला टेकून आम्ही गाणं दुरुस्त केलं. माझे तिन्ही ब्रेक तिने काढले. पट्टी चढवणं काढलं. शेवटचा मोठा थांबा काढायला ती लागली तेव्हा मी भांडलो, आणि तो लहान होऊन राहिला. दुसऱ्या कडव्याखाली मी टेनरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाची, एक ओळ घातली होती. तिथे तिने पेन्सिल टेकवली.

"ही राहू दे. ही सुंदर आहे."

"खरंच?"

"मी खोटं कशाला बोलू? ही ऐकली तेव्हाच मला वाटलं, याला येतं. फक्त दुसऱ्याला गाऊ देत नाही."

मग मी विचारलं, तिची शिफ्ट कधी सुरू होते. ती म्हणाली, पहाटे. रविवारीसुद्धा. तालमीला येते तेव्हा ती दिवसभर लोकांना चालायला शिकवून आलेली असते. तीन वर्षं आम्ही एकाच क्वायरमध्ये गातो आणि हे मी काल विचारलं.

११ डिसेंबर, गुरुवार

हयवदन सरांच्या केबिनमध्ये गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. "सर, रिलीजच्या शनिवार-रविवारी मी नाही. परीक्षा आहे."

मला वाटलं, आता वाद होईल. सरांनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "सरी. रणवीरला सांगतो. परीक्षा चांगली दे."

दोन सेकंदांत! मी दारात उभा राहिलो. "आणखी काही?" त्यांनी विचारलं. नव्हतं. बाहेर येऊन आधी हलकं वाटलं, मग थोडा अपमान वाटला, मग भूक लागली. पोटभर बिसीबेळे भात खाल्ला.

संध्याकाळी सिद्धीलाही सांगितलं की आता पोहायला जानेवारीत येईन. ती म्हणाली, "या सर, पाणी कुठे जात नाही."

आईला खरी तारीख सांगितली. तिने विचारलं, "त्या दिवशी तुमचं गाणं नव्हतं का?" म्हणालो, आहे, माझ्याशिवाय होईल. "बरा आहेस ना रे?" तिने विचारलं.

१४ डिसेंबर, रविवार

तालमीत मागच्या रांगेत उभा राहिलो. सर्दीवाल्या खर्जाच्या शेजारी. नीलिमाने येऊन माझेही खांदे खाली दाबले. "सोड ना," म्हणाली. मला वाटत होतं ते सैलच आहेत.

सगळ्यात अवघड काम गप्प राहणं. सोप्रानो एका ठिकाणी घाईने शिरल्या, माझं तोंड उघडलं, मी मिटलं. पुढच्या वेळी त्यांनी आपणहून बरोबर घेतलं. कृष्णात केरवा वाजवत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. तालीम संपल्यावर मी त्याच्यापाशी गेलो.

"सांगितलंस तर."

"सांगिटलं, सर. रागावलासा?"

"रागावलो होतो."

"मी धाव्वीला परीक्षेला गेलो न्हवतो. बापूचं दुकान होतं, बसलो दुकानात. दुकान बी गेलं मागनं." तो हसला. "कॉफी पाजता न्हवं?"

पाजली.

१८ डिसेंबर, गुरुवार

अभ्यास, अभ्यास. एक गोष्ट इथे कबूल करायला हरकत नाही: सांख्यिकी मला आवडते. शंभर वेड्यावाकड्या आकड्यांतून एक शहाणी रेघ निघते तेव्हा बरं वाटतं. इतके दिवस मी तिच्याकडे वेळापत्रकातला एक रकाना म्हणून बघत होतो. नापास झालो तरी चालेल असं मात्र नाही. भीती वाटतेय.

२२ डिसेंबर, सोमवार, सकाळी, ऑफिसात जायच्या आधी

काल लिहायला जमलं नाही.

पेपर दिला. पूर्ण लिहिला. एक प्रश्न नक्की चुकला, दोन नक्की बरोबर आले, बाकी तपासणारे जाणोत. चार वाजता, उत्तरपत्रिकेवर मान घालून बसलो असताना, एकदा घड्याळाकडे पाहिलं. आता नीलिमाने हात वर केला असेल. मग पुढचा प्रश्न वाचला.

पाचला बाहेर पडलो. सर्जापूर रोड नेहमीसारखा उभाच्या उभा. रिक्षावाल्याने गाणी लावली होती, मी ती चालू दिली. हॉलपाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. उपासना कधीच संपली होती. पण मंडळी घरी गेली नव्हती. आत दिवे लावलेले, टेबलावर करंज्या, शंकरपाळी, कुणाच्या तरी घरचा केक, आणि सगळे मरून उपरणी गळ्यात घालून एकाच वेळी बोलत होते.

दारातच एक काका-काकू भेटले. पुण्याहून मुलाकडे सर्जापूर रोडला आलेले, आमच्याकडे पहिल्यांदाच. काका म्हणाले, "उशीर केलात हो तुम्ही! काय गायले लोक! ते शेकोटीचं गाणं तर... हिने रुमाल काढला."

"मधे एकदा तबला पुढे गेला," पुण्याच्या काकू म्हणाल्या, "आणि ती मुलगी हसली, मग सगळेच हसले आणि हसत हसत गायले. आम्हाला वाटलं असंच बसवलंय."

मी म्हणालो, "अस्सं?"

"तुम्ही पण गाता का?"

काय सांगावं याचा विचार करावा लागला नाही. "हो. टेनर. मागच्या रांगेत."

शालनकाकूंनी लांबून मला पाहिलं. करंजीचा चुरा पदराला पुसत आल्या. "पेपर?"

"लिहिला, काकू. सगळा."

"हं." त्यांनी माझ्या गालाला हात लावला, नर्स ताप बघते तसा. मग मागे वळून म्हणाल्या, "नीलिमा, सगळ्यांना परत उभं कर."

"आता? काकू, हात सगळ्यांचे तेलकट आहेत."

"हाताने गातात का? ह्यांचं ते शेकोटीचं गाणं घ्या. मी इतकी वर्षं वाजवत आलेय. माझ्या कानाशी कायम भाता. समोर बसून एकदा तरी ऐकू दे मला."

पेटी तर काकूंनी वेष्टनात बांधून ठेवली होती. ती कुणी उघडली नाही. कृष्णातने फक्त तबला पुढे ओढला. लोक बशा खाली ठेवून जागेवर गेले. नीलिमा समोर आली, तिच्या एका बाहीला साखर लागली होती. खर्जाने सरकून मला जागा दिली आणि आपलं उपरणं अर्धं माझ्या खांद्यावर टाकलं. काकूंनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची घेतली, गुडघे सरळ केले आणि हात मांडीवर ठेवले. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं असं वाटलं.

आम्ही गायलो. साधं, सरळ. मला पहिल्यांदाच आजूबाजूचे सगळे आवाज ऐकू आले, आणि माझा त्यांच्यात कुठे आहे तो शोधावा लागला. तो होता तिथे.

संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुण्याच्या काकूंनी शालनकाकूंच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी तसाच राहू दिला. मग चष्मा काढून पुसला, उपरण्यासारखा पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा म्हणा."

कृष्णातने तबल्यावर थाप दिली. नीलिमाने हात वर केला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.